रिकाम्या शेडमधली टाळी

१

मी वीज कंपनीत मीटर तपासतो. तारेवर आकडा टाकणारे, मीटरशी खेळणारे, घर गारठवणारा एसी चालू असताना "साहेब, आमच्याकडं एक पंखा तेवढा हाय" असं तोंडावर सांगणारे लोक मला रोज भेटतात. त्यामुळे कुणी गोड बोललं की माझे डोळे आपोआप बारीक होतात. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा हुंगून खाता. खातो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं ऐकून कुणी मला भोळसट समजू नये.

दुर्गा माझी धाकटी बहीण. आम्ही मूळचे मोडनिंबचे, नोकरीपायी दोघंही सोलापुरात आलो. ती शाळेत शिकवायची. आमचा एक छोटा बँड होता. दुर्गा गायची, मी कीबोर्ड वाजवायचो आणि नंदू ऑक्टापॅडवर ढोल वाजवून वर निवेदनही करायचा. लग्नाची रिसेप्शनं, गणपती, कुणाचा साठीचा कार्यक्रम. लोकांना हवी ती सिनेमाची गाणी वाजवायची आणि पंगत उठली की आपणही जेवून निघायचं. पण दुर्गेची स्वतःची तीन गाणी होती, शब्द तिचे आणि चालही तिची. ती रिसेप्शनमध्ये कोण ऐकून घेणार? पुण्यातल्या एका कार्यक्रमवाल्यानं मात्र "डेमो पाठवा, बघू" असं म्हटलं होतं, आणि आज करू, उद्या करू म्हणत आम्ही ते लांबवत गेलो.

हिवाळा सरता सरता तिचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. जिवाला धोका नाही, पण काढावी लागेल, म्हणाले. "आवाज परत येईल. हाच येईल असं मात्र मी सांगू शकत नाही." शाळेला सुट्टी लागली की ऑपरेशन, असं ठरलं. तोवर कमी बोलायचं आणि गायचं तर अगदी थोडं.

घरी येताना ती गाडीवर माझ्या मागे बसली होती. सात रस्त्याला सिग्नल लागला तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादा, माझी गाणी तेवढी भरून ठेव."

मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

२

पुण्याच्या स्टुडिओत जाण्यात अर्थ नव्हता. तासावर पैसे घेणारी जागा म्हटली की दुर्गा घड्याळाकडे बघते आणि तिचा गळा आवळतो. म्हणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच रेकॉर्डिंग करायचं ठरवलं आणि खिशाला परवडेल असं सामान शोधायला मी नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार अनीश, वयानं माझ्याहून लहान आणि बोलायला गोड. मी डोळे बारीक केले.

"सर, दोन प्रकार आहेत," तो म्हणाला. "हा डायनॅमिक माईक तोंडासमोरचं तेवढं घेतो. बाकी जगाशी त्याला देणंघेणं नाही. आणि हा कंडेन्सर. हा खोलीतलं सगळं घेतो. पंखा, चपला, शेजारणीचा कुकर."

"मग हा दुसरा घेतं कोण?"

"ज्याला आवाज जसाच्या तसा पाहिजे तो."

जसाच्या तसा, एवढंच मला हवं होतं. कंडेन्सर घेतला. माईकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारी एक डबी लागते, तिला इंटरफेस म्हणतात, ती घेतली. कानाला गच्च बसणारे हेडफोन घेतले. सॉफ्टवेअर फुकटातलं. खोक्याचं सील नखानं उकरून बघितलं, माईकवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळवला, वजन हातावर तोलून पाहिलं. अनीश सगळं हसत बघत होता. खोट काही सापडली नाही, याचाच मला जास्त राग आला.

जागा नंदूनं शोधली. पूर्व भागात त्याच्या ओळखीच्या सुंदरम्मा म्हणून बाई होत्या. त्यांच्या घरामागे यंत्रमागाची शेड होती. माग भंगारात गेले, शेड तशीच राहिली. आजूबाजूचे माग आठवडाभर खडखडतात, पण सुट्टीच्या दिवशी गल्ली एकदम गप्प होते. रेकॉर्डिंगला याहून चांगलं काय?

"भाडं किती घेणार, मावशी?" मी विचारलं.

"भाडं काय करू मी? रिकामंच आहे ना. वापरा की," सुंदरम्मा म्हणाल्या, आणि आत सुनेला तेलुगूत काहीतरी सांगून चहा टाकायला लावला.

फुकट जागा, वर चहा. मी शेडचं वायरिंग तपासलं, पत्रे बघितले, भिंतींवर ओल आहे का ते हात फिरवून पाहिलं. शेड कोरडी ठणठणीत होती. एकच दार, त्याला उंच दगडी उंबरा, आणि जमिनीवर माग जिथे रोवले होते तिथे सिमेंटचे बुजवलेले चौकोन.

३

कुठल्याही मंगल कार्यालयात सामान उतरवण्याआधी मी एक टाळी वाजवतो. वाजवणाऱ्या माणसांना ही सवय असते. रिकामं मंगल कार्यालय टाळी परत करतं, आधी समोरच्या भिंतीवरून, मग छतावरून, मग कुठल्या तरी कोपऱ्यातून उशिरा. वऱ्हाड बसलं की तीच टाळी परत येत नाही. माणसांच्या अंगात, साड्यांत, मांडीवरच्या लेकरांत ती मुरून जाते. मला डोळे बांधून हॉलमध्ये उभं करा. हॉल रिकामा आहे, अर्धा भरलाय, की मागे लोक उभे आहेत, हे मी एका टाळीत सांगेन. यात जादू काही नाही. वीस वर्षं लग्नं वाजवली की कुणालाही जमेल.

सुंदरम्मांच्या शेडमध्ये टाळी वाजवली तर ती पत्र्यावर खणखणत कितीतरी वेळ फिरली. अशा जागी रेकॉर्डिंग म्हणजे विहिरीत तोंड घालून गाणं. मग सुंदरम्मांनी त्यांच्याकडच्या जुन्या चादरी काढून दिल्या. रंग चुकलेल्या, काठ उसवलेल्या, विकायला न गेलेल्या. आम्ही त्या चारही भिंतींना टांगल्या आणि एक दारात पडद्यासारखी लावली. टाळी बरीच मऊ झाली. पूर्ण नाही, पण चालण्यासारखी.

कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून तो कोपऱ्यात खोक्याआड ठेवला. दुर्गा माईकसमोर उभी राहिली. नंदूनं सवयीनं त्याचा निवेदनाचा माईक जोडला आणि दर कार्यक्रमाआधी करतो तशी चाचणी केली.

"हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. या मंडळी, या. अशी पुढं सरकून बसा. मागच्यांना जागा करून द्या. उभं राहू नका, बसून घ्या."

हे त्याचं नेहमीचं. आपल्याकडे लोक येतात आणि मागच्या भिंतीला चिकटतात, पुढच्या खुर्च्या ओस. दर कार्यक्रमात हेच सांगून सांगून ते त्याच्या जिभेवर बसलं होतं. दुसरा कुणी "वन टू थ्री" म्हणेल, नंदू मंडळींना बसवतो. हॉलमध्ये चिटपाखरू नसलं तरी बसवतो. आम्ही कधी लक्षही दिलं नव्हतं.

पहिलं गाणं लवकर झालं. दुर्गा इतकी मोकळी गायली की मला कीबोर्ड वाजवताना दोनदा बोटं सावरावी लागली. ऐकून बघितलं तर आवाज स्वच्छ, जवळचा, कुठे घुमल्याचा मागमूस नाही. नंदू म्हणाला, "लई भारी आलंय की! स्टुडिओला जाऊन काय वेगळं मिळालं असतं?"

निघताना मी सहज टाळी वाजवली. ती परत आलीच नाही. सोलापुरी चादर आहे बाबा, म्हटलं, उगाच नाव नाही तिचं.

४

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुसरं गाणं केलं. घरी येऊन हेडफोन लावले आणि मला ते खटकलं.

गाणं संपल्यावर खोलीत आवाजाचं थोडं शेपूट उरतं. चादरी कितीही लावा, उरतंच. चादर बारीक आवाज खाते, ढोलाचा जाड आवाज तिला जुमानत नाही. इथे दोन्हीचं शेपूट छाटल्यासारखं तुटत होतं. नंदूच्या ऑक्टापॅडचा शेवटचा ठोका पडला आणि जागच्या जागी विझला. जाड आवाज असा गिळायचा तर समोर माणसं लागतात, दाटीवाटीनं.

माझा पहिला संशय नंदूवर. सॉफ्टवेअरमध्ये शेपूट कापायची सोय असते, त्यानं हौसेनं ती चालू केली असणार. त्याला फोन केला.

"मी कशाला हात लावू? तुमच्या त्या कॉम्प्युटरला तुम्ही शिवू देता का कुणाला?"

हे खरं होतं. दुसरा संशय अनीशवर. माईक घेऊन दुकानात गेलो. त्यानं माझ्या देखत तो जोडला, खोकला, बोलला. दुकानातलं सगळं माईकनं इमानेइतबारे घेतलं, बाहेरच्या रिक्षासकट. मग त्यानं आमचं गाणं ऐकायला मागितलं. हेडफोन काढून म्हणाला, "ताईंचा आवाज काय आहे हो! पब्लिकसमोर केलंय का?"

"नाही."

"मला वाटलं लाईव्ह आहे."

मी माईक खोक्यात घालून निघालो. धन्यवाद म्हणायचं राहून गेलं.

त्याच्या पुढच्या वेळी मी गेल्या गेल्या भिंतीवरच्या सगळ्या चादरी उतरवल्या, फक्त दारातली ठेवली. दुर्गेला सांगितलं, जरा प्रयोग करतोय. नंदूनं मंडळींना बसवलं, आम्ही तिसऱ्या गाण्याची तालीम केली. मधेच थांबून मी टाळी वाजवली.

नागड्या भिंती, वर पत्रा, खाली सिमेंट. टाळी माझ्या हातातच मेली.

५

मी बुद्धीनं चालणारा माणूस. हवेत दमटपणा असला तर आवाज वेगळा वागतो, असं स्वतःला सांगितलं. एप्रिलच्या सोलापुरात दमटपणा, हेही स्वतःला विचारलं.

आठवड्याच्या मध्यात दुरुस्तीसाठी त्या भागाची वीज दुपारी बंद राहणार होती. हे मला ठाऊक असणारच. माग थांबले, गल्ली गप्प झाली, तेव्हा मी एकटाच शेडमध्ये गेलो. चादरी कोपऱ्यात घडी करून पडल्या होत्या. टाळी वाजवली. ती पत्र्यावर आदळून खणखणली, भिंतीभिंतींवर फिरली. पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. शेड रिकामी होती, अगदी पहिल्या दिवसासारखी.

मला हायसं वाटलं, आणि दारापर्यंत येईतो ते गेलंही. आत्ता रिकामी असेल, तर मग तेव्हा?

सुंदरम्मा अंगणात तांदूळ निवडत होत्या. "आज एकटेच?"

"हो. सहज."

"त्या दिवशी बरीच माणसं होती तुमची."

"आम्ही तिघंच असतो, मावशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात काही लपवल्यासारखं असतं तर मला कळलं असतं, तेच माझं काम आहे. "असेल," त्या म्हणाल्या. "मी काय मोजत बसते का?" आणि परत सुपात बघायला लागल्या.

सुट्टीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. हेडफोन लावून बसलो आणि प्रत्येक गोष्ट झाली की एक टाळी वाजवली. कॉम्प्युटर सुरू केला, टाळी खणखणली. नंदू आला, ऑक्टापॅड मांडला, टाळी खणखणली. दुर्गा आली, माईकसमोर उभी राहिली, तरी खणखणली. नंदू म्हणाला, "काय चाललंय साहेब, आरती हाय का?"

मग तो नेहमीसारखं बोलला. या मंडळी, या. पुढं सरकून बसा. मागच्यांना जागा करून द्या.

हेडफोनमध्ये काही ऐकू आलं नाही. पाऊल नाही, कुजबुज नाही. फक्त शेडचा स्वतःचा जो एक बारीक पोकळ आवाज असतो, तो कमी कमी होत गेला. हे कमी होणं दारापासून सुरू झालं आणि माझ्या दिशेनं येत थांबलं. कार्यालयात वऱ्हाड आत येऊन बसतं तेव्हा नेमकं असंच होतं.

मी हात वर केले, पण टाळी वाजवायची हिंमत झाली नाही.

६

नंदूला बाजूला घेतलं. "यापुढं ते मंडळी-बिंडळी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"वन टू थ्री म्हण."

"पंधरा वर्षांत कुणी मला माईकवर काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं," असं म्हणून तो फुगून बसला. पण पुढच्या वेळी त्यानं वन टू थ्रीच म्हटलं. मी टाळी वाजवली, छान खणखणली. मी चादरी परत टांगल्या आणि स्वतःवर खूश होऊन कीबोर्डमागे बसलो.

दुर्गेचं तिसरं गाणं अवघड होतं, दुसऱ्या अंतऱ्यात आवाज वर चढवून तिथेच बराच वेळ धरायचा. ती तिथे पोचली आणि आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. मग खालच्या ओळीतही खरखर यायला लागली. ती दारातली चादर सारून बाहेर गेली. मी पाणी घेऊन मागे गेलो. अंगणात ऊन रणरणत होतं, ती भिंतीच्या सावलीला बसली होती.

मग मी तिला सगळं सांगितलं. टाळ्यांचं, चादरींचं, नंदूच्या बोलण्याचं. मला वाटलं होतं ती हसेल. लहानपणापासून माझ्या संशयावर ती हसतच आलीय.

"मला ठाऊक हाय, दादा," ती म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"कोणतरी ऐकतंय ते. पयल्या दिवसापासनं."

"कोण?"

"मी कशाला इचारू? रिसेप्शनला म्होरं बसलेल्यांची नावं इचारतो व्हय आपण?"

"दुर्गे, ही चेष्टा न्हाय. मला भीती वाटतीया."

"मला न्हाय वाटत." तिनं पाण्याचा घोट घेतला, गिळताना तिचा चेहरा दुखल्यासारखा झाला. "माझं गाणं कुणी शेवटापर्यंत ऐकलंय कधी? लोक जेवत असत्यात. तू कीबोर्डात बघत असतोस. हितं कुणी उठत न्हाय, दादा. गाणं संपेस्तोवर एक माणूस हलत न्हाय. त्यांच्यासमोर आवाज आपसूक लागतोय."

मला राग आला, आणि त्या रागाखाली लाज वाटली. मी खरंच कीबोर्डात बघत असतो.

"पुढच्या वेळी नंदूभाऊला म्हणू दे," ती म्हणाली. "एकच डाव."

ती एकच वेळ उरली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

७

त्या दिवशी मी चादरी काढल्या नाहीत, लावल्या नाहीत, टाळीही वाजवली नाही. नंदूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं मंडळींना बोलावलं, आणि दुर्गा दाराकडे बघून जरा हसली, ओळखीचं कुणी आल्यावर हसतात तसं.

पहिला अंतरा उत्तम गेला. शेडमध्ये उकाडा वाढला होता. पत्र्याची शेड, भर दुपार, उकडणारच. मी नजर कीबोर्डवर ठेवायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून स्क्रीनकडे बघत होतो. तिच्या आवाजाची रेघ बारीक होत चालली होती. ती तेवढ्याच जोरानं गात होती, तिच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या, आणि माईकपर्यंत मात्र कमी कमी पोचत होतं. मी डबीवरचं बटण फिरवून आवाज वाढवला. थोड्या वेळानं पुन्हा वाढवला. मग बटण फिरायचं थांबलं.

दुर्गेकडे बघितलं. ती माईकच्या जाळीला ओठ लावून उभी होती. कोपरं अंगाशी घट्ट धरलेली, पदर पुढे ओढून मुठीत घेतलेला, एक पाऊल दुसऱ्या पावलाला चिकटलेलं. बाई गर्दीत उभी राहते तशी. तिच्या आजूबाजूला हातभर अंतरावर कुणी नव्हतं.

नंदूकडे बघितलं. त्याचं स्टूल भिंतीला टेकलं होतं. सुरुवातीला ते शेडच्या मध्यावर होतं. तो वाजवत होता आणि त्याला याचा पत्ता नव्हता.

मग माझ्या पाठीला चादरीची खरबरीत वीण टोचली. माझी खुर्चीही भिंतीला लागली होती. कीबोर्डचा स्टँड तिरका होऊन माझ्या पोटावर आला होता, आणि मी कधी मागे सरकलो ते मला आठवत नव्हतं.

मी उठलो. नंदूच्या हाताशी त्याचा माईक होता तो ओढून घेतला. निवेदक कार्यक्रमाच्या शेवटी जे बोलतो ते माझ्या तोंडून आलं. "मंडळी, कार्यक्रम संपला. सावकाश बाहेर पडा. लहान मुलांचा हात धरा. गर्दी करू नका."

गाणं अर्ध्यात तुटलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग दारातली चादर मधोमध उचलली गेली, कुणी हातानं बाजूला सारावी तशी, आणि पडली. पुन्हा उचलली गेली. पुन्हा. भिंतीवरच्या चादरी स्थिर होत्या. वारा नव्हता, एप्रिलमध्ये कुठला वारा? ती दारातली चादर तेवढी कधी वर, कधी जरा खाली, लेकराच्या उंचीवरून, उचलली जात राहिली. नंदूनं ऑक्टापॅडच्या काठ्या छातीशी धरल्या होत्या. तोही बघत होता, म्हणजे मला भास होत नव्हता.

किती वेळ ते चाललं, मी सांगू शकणार नाही. चादर शेवटी थांबली. मी टाळी वाजवली. चादरींनी मऊ झालेली, पण ती पत्र्यावरून परत आली.

८

"हे काय केलंस?" दुर्गा म्हणाली.

मी तिला सांगायला लागलो, तुझी अवस्था तुला दिसत नव्हती, बटण संपलं होतं, आवाज गिळत होती ती माणसं. तिनं ऐकून घेतलं नाही. माईककडे वळून तिनं तीच वरची ओळ लावून बघितली. हवा फुसकन बाहेर आली, आवाज आलाच नाही. पुन्हा लावली. रिकाम्या शेडनं तिची ती खरखर उचलली आणि पत्र्यावरून आम्हाला परत ऐकवली. ते ऐकताना तिचा चेहरा असा झाला की मी नजर खाली घातली.

"उद्या माझा गळा कापणार हायती, दादा," ती म्हणाली. शब्द जेमतेम कळत होते. "ह्यो आवाज आज हाय. परवा कोण बोलंल माझ्या तोंडातनं, मला ठाऊक न्हाय. बोलाव त्यांना."

मी नंदूकडे बघितलं. त्यानं मान हलवली. "मी ते न्हाय म्हणणार. आयुष्यात पुन्हा न्हाय म्हणणार. माफ करा, ताई."

माईक माझ्याच हातात होता. तो तोंडापर्यंत नेला आणि परत खाली घेतला. दुर्गा माझ्याकडे बघत होती. मोडनिंबच्या घरी आई वारली त्या दिवशी तिनं माझ्याकडे असंच बघितलं होतं, तू मोठा आहेस, काहीतरी कर.

मी माईक ठेवला आणि नंदूला म्हटलं, "रेकॉर्डचं बटण दाब, आणि मग जायचं तर जा." त्यानं दाबलं. तो गेला नाही, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी दाराशी गेलो. चादर बाजूला सारून हातात धरली आणि अंग चोरून उंबऱ्याशी उभा राहिलो, मांडवाच्या दारात पाहुण्यांना वाट देतात तसा. बाहेर पांढरंफटक ऊन. सुपासकट सुंदरम्मा आत गेल्या होत्या. अंगण पूर्ण रिकामं होतं, मी नीट बघितलं. माझ्यासारखा माणूस नीटच बघतो.

आधी फक्त ऊब जाणवली, छातीला घासून आत जाणारी. मग माझ्या मनगटावर वजन पडलं. उंच उंबरा ओलांडताना म्हातारं माणूस जवळच्याच्या हाताचा आधार घेतं, तसं. हाडाचा, हलका हात. त्यानं भार दिला, क्षणभर तोल सावरला आणि सोडला.

"सावकाश," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

माझ्यामागे दुर्गेनं गाणं सुरू केलं. आवाज लागला. दुसऱ्या अंतऱ्यात ती वर चढली, तिथे पोचली आणि थांबली, जेवढा वेळ थांबायचं होतं तेवढा वेळ, एक कण न फाटता. मी तिचं गाणं पहिल्यांदा नुसतं ऐकलं, हातात वाजवायला काही नसताना. इतकं सुंदर होतं ते. माझे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण येणारे अजून येतच होते. बाहेर गेले होते त्यांच्याहून कितीतरी जास्त.

गाणं संपलं. "दादा," तिनं हाक मारली, "झालं का रं रेकॉर्ड?"

ती शेड तुम्ही पाहिलेली नाही. दारापासून माईक चार पावलांवर होता. तिची हाक मात्र लांबून आली, जत्रेत हात सुटलेल्या माणसाची मधल्या डोक्यांवरून यावी तशी.

"झालं," मी ओरडून म्हणालो, चादर सोडली आणि तिच्याकडे जायला वळलो. उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवायला जागा नव्हती.